कागदावरची मोरी

आमच्या मार्गावर कोळशाचं इंजिन कधीही धावलेलं नाही. रूळ टाकले तेव्हापासून डिझेल, आणि आता वीज. तरीही आमच्या स्टेशनाच्या भिंतीवर एक काळंकुळकुळीत इंजिन भसाभसा धूर सोडत उभं आहे. रंगवणाऱ्याला मी म्हटलं, "अहो, हे इथं कधी आलंच नव्हतं." तो कोल्हापूरकडचा गडी. ब्रश न थांबवता म्हणाला, "सर, अध्यक्ष म्हणालेत, धूर नसला तर इतिहास वाटत न्हाई."

त्या भिंतीवरचा मजकूर माझा आहे. म्हणजे त्यातले स्वल्पविराम माझे आहेत, बाकीचं सुशोभीकरण समितीचं. पण खाली नाव माझं घातलंय, तेव्हा शिव्या मलाच पडतात. दिवाळी अंकासाठी तुम्ही 'नोकरीतले अनुभव' मागितलेत, तर म्हटलं, भिंतीवर जे मावलं नाही ते इथं लिहून टाकावं.

स्टेशनाचं नाव लिहीत नाही. रत्नागिरीपासून फार लांब नाही, आणि हातखंब्याच्या तिठ्यावरून कुठलाही रिक्षावाला तुम्हाला आणून सोडील, एवढं पुरे. नाव लिहिलं की उद्या चार माणसं पालीला माझ्या अंगणात येऊन बसतील आणि आमच्या हिला चहा टाकावा लागेल. मी या स्टेशनात असिस्टंट म्हणून लागलो ते स्टेशन उघडलं त्याच वर्षी. मध्ये रेल्वेने मला गावोगाव फिरवलं आणि शेवटची काही वर्षं पुन्हा इथंच आणून टाकलं. मधल्या बदल्यांची यादी देत नाही, माझ्या मुलांनाही ती ऐकवत नाही.

स्टेशन मास्तर म्हणजे हिरवा झेंडा दाखवणारा माणूस, अशी पुष्कळांची समजूत असते. खरं काम वेगळं आहे. एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोरून येतात आणि रूळ एकच. त्यांतली एक कुठेतरी बाजूला घेऊन उभी करायची आणि दुसरीला वाट द्यायची. पुढच्या स्टेशनाचा मास्तर 'मार्ग मोकळा आहे' असं म्हणत नाही तोवर पान हलत नाही. तो म्हणाला की आपण लिहून घ्यायचं, मग सिग्नल. सगळी नोकरी ही अशी विचारण्यात, लिहिण्यात आणि वाट बघण्यात जाते. इतकी वर्षं काहीही घडलं नाही, हीच आमची कर्तबगारी. आता न घडलेल्याचा इतिहास कसा लिहायचा, तुम्हीच सांगा.

गिऱ्हाईकं मात्र एकेक नग. एका बागायतदारांनी मे महिन्यात मला दम भरला होता की त्यांच्या पेट्या टेम्पोतून उतरेपर्यंत एक्सप्रेस थांबवा, नाहीतर वर कळवीन. मी म्हटलं, "वर म्हणजे?" तर त्यांनी आकाशाकडे बोट दाखवलं. दुसरे एक निवृत्त हेडमास्तर. आमची सकाळची पॅसेंजर रोज पाव तास उशिरा सुटायची आणि हे त्या हिशोबाने घरून निघायचे. एके दिवशी शिंची गाडी अगदी वेळेवर आली आणि वेळेवर गेली. हेडमास्तर धापा टाकत आले, तक्रारवही मागितली आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'आज गाडी पूर्वसूचना न देता वेळेवर सोडण्यात आली.' मला त्याचं लेखी उत्तर द्यावं लागलं. पुन्हा असं घडणार नाही, असं मी लिहिलं, आणि ते वचन रेल्वेने चांगलं पाळलं.

हे दोघेही पुढे येणार आहेत, म्हणून सांगून ठेवलं. पण ही गोष्ट त्यांची नाही, सुगंधाची आहे.

सुगंधा मिरकरवाड्याची मासेवाली. नाव सुगंधा आणि डोक्यावर बांगड्यांची पाटी, त्यामुळे पोर्टरपासून टीसीपर्यंत सगळ्यांनी तिची थट्टा करून झालेली. तीच म्हणायची, "आईबापानं नाव ठेवलं तवा पाटी नव्हती वो डोक्यावर." पहाटे जेटीवर लिलाव झाला की बर्फ घालून पाटी भरायची, रिक्षाने स्टेशन गाठायचं, सकाळची पॅसेंजर पकडायची आणि आतल्या चार गावांत दारोदार मासे विकून दुपारी परतायचं. तिच्यासारख्या आणखी चारजणी होत्या. पास काढलेला, पाटीच्या लगेजची पावतीही रीतसर फाडलेली. आतल्या गावांत लोक पॅसेंजरच्या शिट्टीवर चुलीवर आधण ठेवायचे. ती गाडी चुकली तर पुढची दुपारी, आणि दुपारपर्यंत बर्फाचं पाणी आणि बांगड्यांचं खत. एवढ्यावर पाच घरं चाललेली.

अडचण होती ती गडग्याची, म्हणजे स्टेशनाच्या दगडी कुंपणाची. आमचं स्टेशन सड्याच्या, म्हणजे कातळी माळाच्या, उतारावर आहे. रस्त्यावरून एक जुनी पायवाट सरळ फलाटाच्या शेपटाला येऊन लागायची, जिथं पॅसेंजरचा मागचा डबा थांबतो, बरोब्बर तिथं. स्टेशन बांधलं तेव्हा ठेकेदाराने जांभ्या चिऱ्यांचा गडगा त्या वाटेवरून सरसकट ओढून टाकला. मग मुख्य दारातून यायचं तर मोठा वळसा, शिवाय अडतीस पायऱ्या उतरायच्या आणि पुन्हा फलाटभर चाल. गाडी थांबणार दोन मिनिटं.

सुगंधा माझ्याकडे आली. तेव्हा ती विशीतली असेल, मीही फार मोठा नव्हतो, पण टोपी नवी होती. म्हणाली, "मास्तर, चार चिरे काडलेत तर बायकांची सोय व्हईल." मी म्हटलं, "बाई, रेल्वेची हद्द आहे ही. चिरा काय, खडासुद्धा हलवता येत नाही." ती म्हणाली, "मग लिवा वरती." मी लिहिलं. वरून उत्तर आलं, 'प्रकरण विचाराधीन आहे.' सरकारात विचार हा गरोदरपणासारखा नसतो, त्याला नऊ महिन्यांची मुदत नाही. ती दर महिन्याला येऊन विचारायची आणि मी विचाराधीन आहे म्हणून सांगायचो. मला त्यात काही चूक वाटत नव्हती. उलट आपण किती नियमाने वागतो, असंच वाटायचं.

पावसाळा लागला. जांभ्याच्या पायरीवर शेवाळ धरलं की ती पायरी राहत नाही. श्रावणातल्या एका सकाळी गाडी फलाटाला लागलेली, सुगंधा पाटी घेऊन घाईने उतरत होती, आणि घसरली. पाटी खाली, मासे पायऱ्यांवर, आणि तिचा उजवा हात अंगाखाली. मनगट मोडलं. तिला रिक्षात घालून सिव्हिलला पाठवलं आणि मी खुर्चीत येऊन बसलो. झाल्या प्रकाराची नोंद करावी लागते. कारणाच्या रकान्यात काय लिहावं याचा मी थोडा वेळ विचार केला. पायऱ्या निसरड्या म्हणून लिहिलं तर इंजिनिअरिंगवाले माझ्यावर उलटणार. वाट बंद केल्यामुळे म्हणून लिहिलं तर साहेब विचारणार, तुम्ही कोण ठरवणार. मी लिहिलं, 'प्रवाशाचा निष्काळजीपणा.' खाली सही केली. सही फार छान आली होती, अजून आठवते.

दीड महिन्याने ती परत आली. मनगट वाकडं जोडलं गेलेलं. त्यानंतर तिने मला चिऱ्यांबद्दल एकदाही विचारलं नाही. मला वाटलं, चला, समजली बाई.

मग शिमगा आला. आमच्याकडे शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी गावात घरोघर फिरते. तिची वाट ठरलेली असते, आजोबा-पणजोबांपासूनची. ढोल वाजताहेत, खांदेकरी पालखी नाचवताहेत, अशी ती पायवाटेने आली आणि आमच्या गडग्यासमोर थांबली. पुढेही जाईना, मागेही फिरेना. मुख्य मानकरी म्हणजे आमचे तात्या गावकर, तेव्हाचे ऐन उमेदीतले. ते गडग्यावर हात ठेवून मला म्हणाले, "मास्तर, ही देवाची वाट हाय. देव अडलाय." मागे अख्खा गाव. मी आत पळालो, वर फोन लावला. साहेबांनी विचारलं, "किती माणसं आहेत?" मी सांगितलं. साहेब म्हणाले, "देव महत्त्वाचा. चिरे काढा. मी काही ऐकलं नाही."

जे काम कित्येक महिने विचाराधीन होतं ते पाव तासात झालं. गँगमननी पहार घातली, चार चिरे काढायचे ते चौदा काढले. पालखी फलाटावर आली, रेल्वेचा नारळ फुटला, गुलाल उडाला. दुसऱ्या दिवशी सकाळी सुगंधा त्याच वाटेने फलाटावर आली, डाव्या हाताने पाटी सावरत. माझ्याकडे बघितलंही नाही.

आता भोक तर पडलं, पण कागदावर काय दाखवायचं? रेल्वेच्या गडग्याला भोक असू शकत नाही, आणि देवाची वाट असा रकाना नकाशात नसतो. साहेबांनीच तोड काढली. नोंद झाली, 'पावसाचे पाणी जाण्यासाठी सोडलेली मोरी.' पुरुषभर उंचीची, पालखी जाईल एवढी रुंद मोरी जगात दुसरीकडे कुठे असेल असं वाटत नाही. दर वर्षी तपासणीला येणारा अधिकारी तिथं उभा राहायचा, मोरीतून मासेवाल्या येताना बघायचा आणि लिहायचा, 'मोरी सुस्थितीत.' इतकी वर्षं ती सुस्थितीत होती.

मी निवृत्त झालो आणि सुशोभीकरण निघालं.

तोवर स्टेशनाभोवती इमारती उठल्या होत्या. 'स्टेशनपासून पाच मिनिटांवर' असे फलक लागले होते, ती पाच मिनिटं कुणी मोजली देव जाणे, विमानाने असतील. या फलकवाल्यांपैकीच एकजण सुशोभीकरण समितीचे अध्यक्ष झाले. गावात त्यांना अध्यक्षच म्हणतात, कारण ते कसले ना कसले तरी असतातच. त्यांनी हातखंब्याच्या एका हॉटेलात बैठक बोलावली आणि मला म्हणाले, "मास्तर, आपल्या गजबजलेल्या उपनगरी स्थानकाचा इतिहास तुम्ही लिहायचा. फलाटाच्या टोकाला इतिहास-भिंत उभी करतोय."

मी म्हटलं, "गजबजलेलं? अहो, गणपती आणि मे महिना सोडला तर फलाटावर कुत्रं झोपतं आणि गाडी आली तरी उठत नाही."

"ते कुत्रं काढलं," अध्यक्ष म्हणाले.

इतिहास गोळा करायला मी गावात हिंडलो. पहिला प्रश्न साधा होता, स्टेशन आणलं कोणी? हेडमास्तर म्हणाले, मी. त्यांनी म्हणे दर आठवड्याला दिल्लीला कार्ड टाकलं होतं. बागायतदार म्हणाले, मी, माझी कलमं गेली त्यात. कलमांची भरपाई म्हणून त्यांनी रत्नागिरीत दोन मजले चढवले, हे ते बोलले नाहीत. एक माजी सभापती म्हणाले, मी उपोषणाला बसलो होतो. बायकोने आतून हाक मारली, "अहो, ते एसटी स्टॅंडसाठी!" ते म्हणाले, "मागणी वाहतुकीचीच होती." अशी अकरा माणसं निघाली. स्टेशन एक, आणणारे अकरा. अकराच्या अकरा नावं मी घातली. नाती सांभाळायची तर इतिहास असाच लिहावा लागतो.

पावसात कंदील घेऊन रूळ तपासत चालणाऱ्या गँगमनबद्दल मी चार ओळी लिहिल्या होत्या. अध्यक्षांनी त्या काढल्या. "वाचणाऱ्याला उगाच भीती वाटते," म्हणाले. त्या जागी कोळशाचं इंजिन आलं.

आणि मग एका दुपारी सुगंधा पालीला माझ्या दारात उभी राहिली. रिकामी पाटी अंगणात ठेवली, पायरीवर बसली. केस पिकलेले, मनगट तसंच. पाणी प्यायली आणि म्हणाली, "मास्तर, भिंत बांधतायत ती वाटेवर येतेय. फलाटाला खुणा मारून गेले काल. वाट बुजवणार."

माझ्या डोक्यात इतके दिवस हे आलंच नव्हतं. भिंतीवर काय लिहायचं यातच मी गुंग. भिंत कुठं उभी राहणार हे मी बघितलंच नाही.

"पाचजणी व्हतो, आता तिघी उरलो," ती म्हणाली. "पोरगीला पाटी नको हाय, बरोबर हाय तिचं. पण मला अजून चार-पाच वर्सं वडायचीत. अडतीस पायऱ्या आता व्हायच्या नाय माज्यानं. गाडी गेली म्हंजे धंदा गेला. तुमी इतिहास लिवताव ना? मग आमची वाट लिवा त्यात. लिवलेलं मोडत नाय म्हणतात."

मी म्हटलं, "बघतो." तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की मला माझी नवी टोपी आठवली.

त्याच हॉटेलातल्या पुढच्या बैठकीत मी विषय काढला. अध्यक्ष म्हणाले, "मास्तर, इतिहास-भिंतीशेजारून मासळी? वास येईल हो." हेडमास्तर म्हणाले, "मुळात नकाशात तिथं मोरी आहे. मोरीतून माणसांची ये-जा, ही आरोग्याची बाब आहे." सगळ्यांनी माना हलवल्या. मासेवाल्यांची गैरसोय, वाकडं मनगट, यातलं काही त्या टेबलावर चालणार नाही हे मला दिसलं. आणि मी हुशारी केली. नोकरीत केली नाही एवढी.

मी म्हटलं, "तुमची मर्जी. पण ती ग्रामदेवतेच्या पालखीची वाट आहे. स्टेशन उघडलं त्या वर्षी देव तिथं अडला होता."

चमचे थांबले. खरं तर पालखी गेली काही वर्षं त्या वाटेने येतच नव्हती, हमरस्त्याने यायची, कारण तिकडे मंडपवाले आणि वर्गणीवाले. पण देवाचं नाव निघाल्यावर नाही कोण म्हणणार? बागायतदारांनी कानाला हात लावला. अध्यक्ष म्हणाले, "अहो, मग हे आधी सांगायचं! हे तर आपलं मुख्य आकर्षण!"

झालं. भिंत दोन तुकड्यांत बांधली आणि मध्ये वाट राखली. मी खूश. सुगंधाला निरोप धाडला, काळजी करू नको, वाट राहिली. पंधरा दिवसांनी बघायला गेलो तर वाटेवर कमान. कमानीवर सोनेरी अक्षरांत 'ऐतिहासिक पालखीद्वार'. दाराला लोखंडी जाळी आणि जाळीला नारळाएवढं कुलूप. वर्षातून एकदा, शिमग्याला उघडायचं. वर कॅमेरा, इतिहासावर नजर ठेवायला. आणि उद्घाटनात अध्यक्षांनी किल्ली माझ्या हातात दिली, टाळ्यांच्या गजरात. म्हणाले, "इतिहासकार आहात, ही तुम्हीच सांभाळा."

सुगंधा जाळीच्या पलीकडे उभी होती. कार्यक्रम संपल्यावर मी गेलो. ती कुलपाकडे बघत म्हणाली, "आधी भोक व्हतं तर जाता येत व्हतं. तुमी देऊळ केलंत त्याचं." मी किल्ली खिशात घातली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी स्कूटर काढून गेलो आणि कुलूप उघडलं. तिघी गेल्या. तिसऱ्या दिवशी गेलो. चौथ्या दिवशी अध्यक्षांचा फोन. "मास्तर, कॅमेऱ्यात दिसताय हो. देवाच्या दारातून मासे? लोकांच्या भावना आहेत." मी जाणं बंद केलं. आयुष्यभर वरून फोन आला की गप्प बसायची सवय, ती पेन्शनीत जात नाही. पुढच्या दोन महिन्यांत सुगंधाची गाडी बऱ्याचदा चुकली. एकीने धंदाच सोडला. एकदा मी हातखंब्याला उतरलो तर सुगंधा भर उन्हात रस्त्याकडेला पाटी मांडून बसलेली. गाडी चुकली होती. बर्फ वितळून रस्त्यावर ओघळ गेला होता. मला पाहून म्हणाली, "घेताव काय बांगडे? तुमच्या इतिहासावानी झालेत, वरून बरे दिसतात." मी सगळे घेतले. घरी येऊन टाकून दिले. त्या दिवशी मला माझी खरी लाज वाटली.

शिमगा आला. अध्यक्षांनी पालखीला जुन्या वाटेने यायचं आमंत्रण दिलं. आकाशात ड्रोन, खाली पाहुणे, फेटे. तात्या गावकर आता ऐंशीला टेकलेले, काठी घेऊन पालखीपुढे. ढोल घुमायला लागले, पालखी नाचत कमानीपाशी आली आणि थांबली. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

"मास्तर, किल्ली," अध्यक्ष म्हणाले.

मी खिसे चाचपले. एक, दोन, वरचा. आणि म्हणालो, "हरवली."

"हरवली म्हणजे?"

"हरवली म्हणजे सापडत नाही."

इतक्या वर्षांच्या नोकरीत मी वहीत वेळ एका मिनिटाने खोटी लिहिली नाही, आणि साक्षात देवासमोर उभा राहून धडधडीत खोटं बोललो. अध्यक्षांनी चार शिव्या गिळल्या, पाहुण्यांकडे बघून हसले, दुसरी किल्ली कुठाय म्हणून ओरडले. दुसरी ठेकेदाराकडे आणि ठेकेदार मुंबईला. खांदेकऱ्यांना घाम फुटला. ढोल थांबले. तेव्हा तात्या काठी आपटत पुढे झाले.

"देवाला कुलूप? तोडा."

गँगमननी घण आणला. कुलूप तुटेना, तेव्हा जाळीच बिजागरीतून उचलून बाजूला टाकली. पालखी आत आली. आणि तात्यांनी पालखीपुढे उभं राहून गाऱ्हाणं घातलं. आमच्याकडे मानकरी देवाला मागणं मागतो आणि प्रत्येक मागण्याला सगळा गाव 'होय म्हाराजा' म्हणतो. म्हटलं की बांधला गेला.

"बा देवा म्हाराजा! तुज्या लेकरांची राखण कर."

"होय म्हाराजा!"

"बारा महिनं तुजी वाट उघडी ऱ्हाऊ दे."

"होय म्हाराजा!"

"ह्या वाटेनं जो कोण पोटापाण्याला जाईल, डोक्यावर पाटी घेऊन जाईल, त्याला आडवा येईल त्याचं तू बघून घे!"

"होय म्हाराजा!"

सगळ्यांत मोठा आवाज अध्यक्षांचा होता. ड्रोन बघत होता ना! शब्द तोंडातून गेल्यावर काय कबूल केलं ते त्यांना उमगलं. त्यांनी हेडमास्तरांकडे बघितलं. हेडमास्तरही तोंड उघडं ठेवूनच उभे होते. जाळी त्या दिवसापासून कमानीमागे पडून आहे, तिच्यावर कारल्याचा वेल चढलाय. परत लावायची कुणाची छाती नाही.

त्या संध्याकाळी मी तात्यांकडे गेलो. पाया पडून म्हटलं, "तात्या, देवासमोर खोटं बोललो. काय प्रायश्चित्त घेऊ?"

तात्या सुपारी कातरत होते. म्हणाले, "खिसे चापसत व्हतास तवा किल्ली वाजली की रे. मी म्हातारा झालो, पण बहिरा नाय."

त्यांनी सुपारीचं खांड माझ्या हातावर ठेवलं. तात्या म्हणाले, "आणि पयल्या खेपेला तरी देव आपसूक थांबला असं वाटतं काय तुला? थांबवतो देवच. पण खांदे माणसांचे आसतात. आदल्या सांजेला माज्याकडं कोण आलं व्हतं ते जाऊन विचार. मला नको विचारूस."

मी दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेशनात गेलो. पॅसेंजरला अजून अवकाश होता. वाटेतून सुगंधा आली, पाटी उतरवून बाकाजवळ टेकली. मी म्हटलं, "त्या वर्षी तात्यांकडे तू गेली होतीस?"

"व्हय. ह्यो वाकडा हात घेऊन."

"मला नाही का सांगायचंस?"

ती हसली. मग मी जे इतकी वर्षं कुणाला बोललो नव्हतो ते बोललो. "सुगंधाबाई, तू पडलीस तेव्हा नोंद मी केली होती. त्यात मी तुझा निष्काळजीपणा लिहिला. तो नव्हता. चूक माझी होती."

"ठाऊक हाय," ती म्हणाली. "तेव्हाच सिव्हिलात पोर्टर भेटायला आलेला, तेनं सांगितलं तुमी काय लिवलाव ते. म्हणून तर देवाकडं गेले मास्तर. तुमच्याकडं यायचं काय उरलं व्हतं?"

सिग्नल पडला. तिने चुंबळ डोक्यावर ठेवली, वाकड्या हाताने पाटीची कड धरली. उचलायला दुसरं कोणी नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्या पाटीला हात लावला. माझ्या सदऱ्यावर बर्फाचं पाणी सांडलं.

गाडी त्या दिवशी वेळेवर होती.